तांदळाचं पाणी आणि अर्थिंगचा खड्डा

मंडळी, आज मी एका मावशींवर उगीच खेकसलो. दुपारपासून ते मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझं काम अर्थिंग तपासायचं. आज दिंद्रुडजवळच्या एका शाळेत होतो. तिथल्या स्टीलच्या वॉटर कूलरला पोरं दिवसभर हात लावतात. पत्र्यात करंट उतरलाच, तर तो पोरांच्या अंगातून न जाता वायरीने अर्थिंगच्या खड्ड्यात, मातीत जिरायला हवा. माती सुकली की ते नीट होत नाही. आणि ऊन तापलं की आमच्याकडं बहुतेक खड्डे कोरडे ठणठणीत.

मीटर घेऊन गेलो, तर खिचडी शिजवणाऱ्या मावशी त्या खड्ड्यात पातेलं रिकामं करत होत्या.

"मावशी, ही काय मोरी हाय का?"

"तांदूळ धुतलेलं पानी हाय, भाऊ. टँकरचं चांगलं पानी कसं वतावं? आमचे मालक वायरमन होते. हा खड्डा त्येंनीच खंदला. म्हनले, ह्याला सुकू देऊ नको, लेकरं हात लावत्यात. ते जाऊन सहा वर्सं झाली. शाळंचा एक दिस चुकवला न्हाई म्या."

मी मीटर लावला. रेझिस्टन्स जितका कमी, तितकं चांगलं. इतका कमी आकडा या उन्हाळ्यात मला कुठंच दिसला नव्हता.

रिपोर्टात 'देखभाल कोण करतं' असा रकाना असतो. तिथं मी नेहमी रेघ मारतो. आज दोन नावं लिहिली, मावशींचं आणि त्यांच्या मालकांचं.

तुमच्या लेकरांच्या शाळेतल्या खड्ड्यात पाणी कोण घालतं, कधी विचारलंय?