सेलमध्ये विकला गेलेला कौसाबाईचा डबा

पंधरा दिवसांपूर्वीच्या शनिवारी सकाळी शिरूर कासारला आमच्या ओसरीवर मी पार्सलं बांधत बसले होते. दिवाळीचा सेल लावला होता आणि दोनच दिवसांत दुकानावर 'स्टॉक संपला' अशी लाल पाटी लागली होती... दुकान म्हणजे फोनमधलं. बाजरीच्या खारोड्या विकते मी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजरीचा भरडा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, जिरं, तिखट घालायचं आणि बारीक बारीक तोडून कडक उन्हात वाळवायचं. शेंगदाण्यांसोबत नुसत्या खा, नाहीतर तळून खा... वर्षभर टिकतात.

हे ऑनलाइनचं मला कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघत, चुकत, धडपडत जमलं. नव्याने धंदा करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की खोकी आणि टेप पावसाळ्यातच घेऊन ठेवायची, सणाच्या तोंडावर तीच महाग पडतात. आणि उन्हाळ्यात माल विकायला काढायची घाई करू नये, तेव्हा ज्याच्या त्याच्या गच्चीवर वाळवण पडलेलं असतं. दिवाळी जवळ आली की शहरातल्या माणसाला गावाकडची चव आठवते... तेव्हा भाव बरा मिळतो.

तर सेलसाठी मी घरातले सगळे डबे मोजले, तेवढे किलो फोनमध्ये टाकले, वर वीस टक्के सूट. माल गेला भराभर. मीही खुशीत.

तेवढ्यात कौसाबाई आली. उन्हाळ्यात खारोड्या घालायला माझ्याकडे चौघी जणी असतात, त्यातली ही सगळ्यात जुनी. दिवसाचा रोज ठरलेला असतोच, पण आमची एक रीत आहे... काम संपलं की प्रत्येकीचा पाच किलोचा डबा वेगळा काढायचा आणि तो माझ्याच घरी ठेवायचा. त्यांच्या पत्र्याच्या घरात पावसाळ्यात ओल धरते. मग ऊसतोडीला निघताना जिचा तिने घेऊन जायचा. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत राहून, भाजी निवडत बसायला सवड कुठली... भाकरी आणि मूठभर खारोड्या, झालं जेवण. बाकी तिघी दसऱ्यालाच गेल्या होत्या, आपापला डबा घेऊन.

"उद्या सकाळी गाडी हाय काकू. डबा न्यायला आलते," ती म्हणाली.

माझ्या हातातली टेप हातातच राहिली. मोजताना तिचाही डबा मी माझ्यात मोजला होता. ते पाच किलो आता समोरच्या खोक्यांत, पत्ते चिकटवून तयार... दुपारी कुरिअरवाला यायचा होता.

लपवून काय करणार. सांगितलं तिला. तिने खोक्यांकडे बोट केलं. "कुठं चालल्यात म्हणं?"

"पुण्याला, ठाण्याला. एक नाशिकला."

"माझ्या आधी ह्यांचीच गाडी भरली म्हणा की." हसली जराशी. मग म्हणाली, "जाऊ द्या काकू, तुमी कशाला तोंड पाडता. मिरच्या कुटून नेते."

"नुसत्या मिरच्यांवर पाच महिने काढणार का?"

"आधी काय करत हुतो मग?" असं म्हणून ती पायऱ्या उतरायलाही लागली. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

"बस इथं," म्हटलं आणि कात्री घेतली. एकेक किलोची पाच खोकी फोडली.

"आवं काकू, गिऱ्हाईक तुटंल ना."

"तुटलं तर दुसरं जोडीन. तू डबा धर."

तिने डबा धरला. एक खारोडी तोंडात टाकून म्हणाली, "लसूण कमी हाय ह्यात. मीच घातला असंल."

ती गेल्यावर पाच ऑर्डरी रद्द करायला बसले. फोन कारण विचारतो आणि कारणांची यादीच देतो... माल खराब झाला, माल सापडत नाही, पत्ता चुकीचा. जिचा माल होता ती घेऊन गेली, असं कारण त्यात नव्हतं. मग 'इतर' दाबलं आणि पाचही जणांना झालं ते सरळ लिहून कळवलं.

ऑर्डरी रद्द केल्यामुळे माझं दुकान ॲपवरच्या दुकानांच्या यादीत पार खाली गेलं, तो ॲपवाल्यांचा नियमच आहे. एका गृहस्थांनी चांगलं खडसावलं, तिघांनी काहीच लिहिलं नाही. नाशिकच्या बाईंनी लिहिलं, 'उन्हाळ्यातल्या पहिल्या खारोड्यांतला एक किलो माझ्या नावाने ठेवा, पैसे आजच पाठवते.'

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आत्ता नवी बाजरी बाजारात आली आहे, भाव उतरलेला असतो. पैसे आधी हातात आले तर वर्षाची बाजरी आत्ताच भरून ठेवता येते... सूट द्यायचीच तर ती अशा आधी सांगणाऱ्याला द्यावी. त्याच दिवशी उन्हाळ्याचं बुकिंग सुरू केलं. आतापर्यंत अकरा नावं आली आहेत. मात्र किलोचा आकडा टाकताना चौघींचे चार डबे आधी वजा केले आणि मगच टाकला.

आज सकाळी कौसाबाईचा फडावरून फोन आला. "काकू, शेजारच्या कोपीतल्या बाया खारोड्या मागायल्यात. एकीनं तर पैसेच काढले. इकू का?"

"मला काय विचारतेस? पण विकल्यास तर सूट देऊ नको," मी म्हटलं.

हसत हसतच तिने फोन ठेवला. विकल्या की वाटल्या, मी परत विचारलं नाही... डबा तिचा आहे.