लग्नपत्रिकांचा कॅट

माझा पहिला ड्रॅगन एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर राहत होता. एका बाजूला ‘अगत्य येण्याचे करावे’ आणि दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत त्याचं इंग्रजी नाव, त्याची ताकद आणि त्याला बोलवायला जमिनीचे किती पत्ते लागतात ते. निमगाव केतकीत आमच्याकडे पत्रिकांना कधी तोटा नव्हता. आईचं म्हणणं एवढंच, “गणपतीवर कात्री चालवू नगंस.” मी क्लासचं काहीतरी करतेय अशी तिची समजूत होती. गणपती वाचवत वाचवत कापल्यामुळे माझ्या कॅटमधले कुठलेही दोन पत्ते एका मापाचे नव्हते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रोज एसटीने बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. तिथल्या एका मुलीने मला एक फ्लॉपी दिली आणि मी कामातून गेले. परदेशातला पत्त्यांचा खेळ होता तो. तिकडे लोक पत्ते विकत घेत, एकमेकांत बदलत, आपापला कॅट जुळवत आणि समोरासमोर बसून लढत. ते खरे पत्ते आमच्या नजरेलाही पडणं शक्य नव्हतं. पण त्या खेळाच्या कुणा वेड्यांनी आपल्या हौसेने एक प्रोग्राम लिहून फुकट वाटला होता. त्यात सगळे पत्ते होते, चित्रं मात्र नव्हती. राखाडी चौकटीत नुसती अक्षरं! घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तीच मी पत्रिकांच्या पाठीवर उतरवून घेतली. ड्रॅगन दिसतो कसा, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. माझ्या मनातल्या ड्रॅगनला आमच्या एडक्यासारखी शिंगं होती आणि तो मला पुढे पाहिलेल्या सगळ्या ड्रॅगनांपेक्षा आवडायचा.

जमिनीचा पत्ता एकदा आडवा केला की तो पुन्हा वापरता येत नसे, थेट आपली पुढची पाळी येईपर्यंत. क्लासमधल्या शहरी मुलींना हे समजावून सांगावं लागलं. आम्ही कालव्याच्या पाण्याच्या पाळीवर वाढलेलो, मला नाही लागलं.

तो प्रोग्राम म्हणजे नुसतं टेबल होतं. पत्ते पिसायचा, हातात द्यायचा आणि गप्प बसायचा. नियम कोण पाळतंय, कोण थापा मारतंय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ते ज्याचं त्याने बघायचं.

क्लास सुटला की स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जायचं. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, आणि मग एकदाचा माझा भिडू समोर यायचा. तो कुठल्यातरी बर्फाच्या गावात बेकरीत कामाला होता. रात्रभर पाव भाजून सकाळी घरी आला की झोपायच्या आधी एक डाव खेळायचा, तेव्हा आमच्याकडे दुपार असायची. मोडक्या इंग्रजीत आम्ही दोघं बोलायचो. त्याचं इंग्रजी माझ्याहून मोडकं होतं, म्हणून मला तो जास्तच आवडायचा. एरवी तोंडातून शब्द न फुटणारी मी त्याच्याशी चक्क भांडायची. त्या तासाभराची मी दिवसभर वाट बघायची.

हे सगळं घरी कळता कामा नये, कारण आमच्या घरात पत्त्यांना बंदी होती.

पूर्वी नव्हती. माझे वडील, तात्या, आणि त्यांचे थोरले भाऊ, आबा, दोघंही मेंढीकोटाचे अट्टल खेळाडू. आजोबांच्या काळात आमच्याकडे मेंढरांचा कळप होता. तळावर रात्री खेळता खेळता दोघं शिकले होते. मी लहानपणी आबांच्या मांडीवर बसून त्यांचे पत्ते धरायची. आमच्याकडे रीत अशी, की एकाने पिसायचं, दुसऱ्याने काटायचं, म्हणजे वरचे काही पत्ते उचलून तळाला घालायचे, आणि मगच वाटायचं. एका दुपारी तात्यांनी घाईघाईत न काटताच पत्ते वाटले. आबांच्या हातात एकही मेंढी, म्हणजे दश्शी, आली नाही. ते म्हणाले, “लावून वाटलंस.” तात्या म्हणाले, “न्हाय.” आबांनी पत्ते भिरकावले. खरं तर दोघांच्या मनात आधीपासून बरंच काही साचलेलं असणार, पत्ते निमित्त झाले. पण त्यानंतर अंगणात भिंत उभी राहिली. भिंतीपलीकडून आबांचा खोकला ऐकू यायचा आणि तात्या रेडिओचा आवाज वाढवायचे.

अशा घरात माझ्या पिशवीतून रबर लावलेला कॅट पडला, तोही तात्यांच्या पायाशी.

त्यांनी पत्ते उचलले, उलटेपालटे करून बघितले. “ह्ये शिकाया जातीस व्हय बारामतीला?” आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “सोमवारपास्नं क्लास बंद.”

मी रडले नाही, तणतणले. हा जुगार नाही, पैसे लावत नाही, समोरचा माणूस सातासमुद्रापार आहे, जे सुचेल ते बोलत सुटले. क्लास बंद झाला की माझं लग्न ठरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्याच नावाची पत्रिका! शेवटी आई म्हणाली, “एकदा डोळ्यानं बघून तरी या. मग काय करायचं ते करा.”

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्याबरोबर एसटीत बसले.

कॅफेत ते टोपी मांडीवर ठेवून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. बेकरीवाला आला. वडील शेजारी बसलेत, असं मी त्याला लिहिलं. त्याने नमस्कार सांगितला. मी नेहमीसारखं बटण दाबलं, प्रोग्रामने पिसलं आणि दोघांच्या हातात पत्ते आले.

तात्या उठलेच. “चल घरी.”

“का? काय झालं?”

“काटल्याबिगर वाटलं. असला ख्योळ माझ्या पोरीनं खेळायचा न्हाय.”

मी हबकलेच. बटण दाबताना ही गोष्ट मला कधी जाणवलीच नव्हती. मी घाईघाईने बेकरीवाल्याला लिहिलं: आमच्याकडे समोरच्याने काटल्याशिवाय खेळत नाहीत, वडील उठून चाललेत, काहीतरी आकडा सांग. आकडा आला, वीस. मी हातातले पत्ते परत गठ्ठ्यात घातले, पुन्हा पिसले आणि वरचे वीस एकेक करून तळाला घातले. तात्या उभ्या उभ्या बघत होते. तेवढ्यात पुढची ओळ आली. मी ती वाचून दाखवली, “आता माझे पत्ते तुझ्या वडिलांनी काटावेत, म्हणतोय.”

“मी? माझा हात पोचतोय व्हय तितं?”

“आकडा सांगायचा नुसता.”

तात्या खाली बसले. विचार करून म्हणाले, “बारा.” मी लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, झालं.

“केलं कशावरनं?”

“तो म्हणतोय ना.”

“आन् तू बघितल्याबिगर खरं मानतीस?”

“मानायलाच लागतं तात्या. न्हायतर मग ख्योळच व्हत न्हाय.”

तो डाव मी साफ हरले, ड्रॅगन हातातच राहिला. मधेच तात्या मला अगदी हळू म्हणाले, “म्या लावून वाटलं नव्हतं गं.” मी म्हणाले, “मला म्हायतीय.” खरं म्हणजे मला काही माहीत नव्हतं. पण ते म्हणाले म्हणून मी मानलं, आणि आजही मानते.

परत निघताना त्यांनी स्टँडवरच्या टपरीवरून साधा पत्त्यांचा कॅट घेतला आणि बंडीच्या खिशात टाकला. सोमवारी मी क्लासला जाणार की नाही, हे विचारायची माझी हिंमत होईना.

घरी आल्यावर ते पाणीही न पिता भिंतीला वळसा घालून आबांच्या ओट्यावर गेले. मी मागोमाग. आबा शेंगा फोडत बसले होते. तात्यांनी समोर बसून पत्ते पिसले. सवय मोडलेली, दोन पत्ते खाली सांडले. ते गोळा करून त्यांनी गठ्ठा आबांपुढे ठेवला.

“काट.”

आबांनी हातातली शेंग खाली ठेवली. मला खात्री होती, आता भिरकावणार. त्यांनी धोतराला हात पुसला, वरचे पत्ते उचलले आणि बाजूला ठेवले. मग मान वर न करता म्हणाले, “दोघांत कसला मेंढीकोट? चौघं लागत्यात.”

तात्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. “हिला बसवू. येतंय तिला.”

“आन् चौथं?”

भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, “आले, आले. हात धुते तेवढं.” तिला मेंढीकोट येतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं.

तो बेकरीवाला पुढे कुठे गेला कोण जाणे. फ्लॉपीला बुरशी लागली, कॅफेच्या जागी आता औषधांचं दुकान आहे, आणि भिंत अजून तशीच आहे. त्या दिवशी आबांच्या ओट्यावर मी त्यांची भिडू झाले. त्यांनी माझ्या हातातले पत्ते लहानपणीसारखे नीट पंख्यासारखे लावून दिले आणि, आदल्या दिवशीचं माझं तणतणणं भिंतीपलीकडून ऐकलेलं असणार, विचारलं, “सोमवारी क्लास किती वाजता सुटतोय तुझा? तू आल्यावर डाव मांडू.”