आधी मेथीचं बोला

प्रयागबाई कोणावर विश्वास ठेवत नाही. खताची गोणी ती दुकानातच उसवून वास घेते. डॉक्टरने गोळी दिली की बाहेर बसलेल्या दुसऱ्या पेशंटला विचारते, "तुमाले बी हेच देल्ली काय?" मालेगावच्या आठवडी बाजारात तिची भाजी आणि माझ्या बांगड्या शेजारीशेजारी असतात, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलेलं.

अशा बाईने फोनवर गट चालवावा, तोही दारुड्यांच्या बायकांचा, याचं मला अजून नवल वाटतं. तिचा नवरा दारूनेच गेला. त्यानंतर तिने 'सावली' नावाचा व्हॉट्सॲप गट काढला. कुणाच्या घरात आदळआपट झाली की बाई तिथे दोन ओळी लिहिते, बाकीच्या धीर देतात, एखादी आपल्या घरी झोपायला बोलावते. गटाची लिंक बाया एकमेकींना गुपचूप देतात. सांगायची प्रयागबाई, लिहायची मी.

मग एका नवऱ्याने बायकोच्या फोनमधलं सगळं वाचलं आणि भर बाजारात येऊन प्रयागबाईची टोपली लाथेने उडवली. वांगी पार रस्त्यावर घरंगळली. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायला लागली. कुणी नव्याने आत यायची परवानगी मागितली की प्रश्नांची सरबत्ती सुरू. कोणाची कोण, माहेर कुठलं, लिंक कोणी दिली, नवरा किती पितो, मारतो का, आणि हे सगळं आपल्या आवाजात बोलून पाठव. यापेक्षा पोलीस ठाणं बरं, तिथे निदान बसायला बाकडं तरी असतं. नव्या बाया दारातूनच परत जाऊ लागल्या.

"अशानं गटात तू आन् मी, दोघीच राहू," मी म्हटलं.

"राहू. पन सापाले घरात घेनार नाई."

आणि एक दिवस नवीन नंबर आला. नाव जगदेव, फोटोत मोटारसायकलवर बसलेला मिशीवाला माणूस.

"फोन नवऱ्याचा असन, मांगनारी बाई असन," मी म्हटलं. आमच्याकडे बाईचा स्वतःचा फोन असतो तरी किती घरांत?

"तुले असंच वाटावं म्हनून करून राह्यला तो," प्रयागबाई म्हणाली आणि सगळे प्रश्न पाठवायला लावले. उत्तर आलं नाही. काही दिवसांनी त्याच नंबरवरून पुन्हा परवानगी मागितली गेली. आता मलाही शंका यायला लागली. बाई असती तर एक शब्द तरी बोलली असती. प्रयागबाईने तेच प्रश्न पुन्हा धाडले, वर एक ओळ जोडली, "खरी असशीन त नवऱ्याचं पिनं सांग, नाईत नंबर बंद करतो." तरी उत्तर नाही. आम्ही नंबर बंद केला आणि मला मनापासून हायसं वाटलं.

पुढच्या बाजारी एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. बांगड्यांचं नुसतं निमित्त, नजर सगळी शेजारी. तिने हात पुढे केला तर मनगट इतकं सुजलेलं की बांगडी चढेना. प्रयागबाईने मला डोळ्यांनी खुणावलं, सांभाळून.

"तुमीच प्रयागबाई ना?" ती हळूच म्हणाली. "मी निता. थो मिशीवाला फोटो आमच्या घरच्यायचा. पयल्यांदा तुमचे सवाल आले ते मी पुसून टाकले. दुसऱ्या टाइमले फोन त्यायच्या हातात होता. मी म्हनलं, कोनाचा त चुकीनं आला असन. त्यायले पटलं नाई. आता फोन भेटत नाई, म्हनून बजाराच्या नावानं आली."

ज्या नवऱ्यांना प्रयागबाई वेशीवर अडवत होती, त्यांच्यातल्याच एकाच्या हाती तिने बायकोचं गुपित लिहून दिलं होतं. आणि लिहिलं होतं माझ्या बोटांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याले भाजी कोनती आवडते?" प्रयागबाईने एवढंच विचारलं.

"मेथी," निता गोंधळून म्हणाली.

ती गेल्यावर प्रयागबाईने मला जगदेवचा नंबर पुन्हा सुरू करायला लावला आणि सांगितलं, लिही. "माफ करा, मागचे मेसेज चुकून तुमच्या नंबरवर आले. मालेगावच्या बाजारात ताजी मेथी मिळेल. प्रयागबाई भाजीवाली." आता कुठल्याही नव्या नंबरला पहिला मेसेज असा भाजीचाच जातो. कुणाच्याही नवऱ्याने खुशाल वाचावा. बाकीचं बोलणं बाई समोर येऊन टेकल्यावर.

जगदेवच्या नंबरवरून दोन दिवसांनी उत्तर आलं, "जुडी केवढ्याले?"

कोणी लिहिलं, निताने की त्याने? आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो.

"बाई असन त येऊन बसन," प्रयागबाई म्हणाली. "थो असन त मेथी घेऊन जाईन. आपलं काय जाते?"

बाजाराच्या दिवशी मोटारसायकल आमच्यासमोरच थांबली. पुढे मिशी, मागे पदर ओढून निता. जगदेवने जुडी उलटीपालटी केली, नाकाला लावली, मग आम्हा दोघींना नीट न्याहाळलं.

"ते मेसेज तुमचेच काय?"

"माहेच, भाऊ. अडानी बाई मी, बोट कुठंबी पडते," प्रयागबाई म्हणाली आणि निताकडे ओळख नसल्यासारखं बघत तिने आणखी एक जुडी पिशवीत टाकली.

जगदेवने खिशातून पैसे काढून दिले. मग बायकोकडे वळून म्हणाला, "माल चांगला हाय. दर बजारी इथूनच घेत जाय."

निताने मान खाली घालून "हो" म्हटलं.