दादांच्या अंजिरामागे: चांदवड, मनमाड, हरसूल

आधी कबुली देतो, मग रस्ते-बिस्ते सांगतो. नव्याण्णव साली मी दहावीला गचकून घरी बसलो होतो. तेव्हा एका दुपारी वडिलांच्या तीन अंजिराच्या रोपांवरच्या नावाच्या पट्ट्या काढल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि हाताला येतील तशा परत बांधल्या. काम पाच मिनिटांचं. ते निस्तरायला सहा वर्षांनी तीन गावं फिरावी लागली. त्याच फिरण्याबद्दल लिहितोय.

आम्ही मखमलाबादचे. मेथी, वांगी, शेवंती हा आमचा धंदा. परसात तीन अंजिरं होती. एक पुणे, एक दिनकर आणि तिसऱ्याला जातीचं नावच नाही. ते आजोबांनी, म्हणजे दादांनी, कुठूनतरी आणून लावलेलं, म्हणून त्याला सगळे ‘दादांचं’ म्हणायचे. माझे वडील, तात्या, पाहुण्यांना टॉवेल-टोपी देत नाहीत, अंजिराचं रोप देतात. दुधाच्या पिशवीत फांदी रुजवायची, पावडरच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी करायची, तिच्यावर खिळ्याने टोचून नाव लिहायचं आणि तारेने बुंध्याला बांधायची. एवढ्याशा रोपाला तीन पानं असतात, त्यावरून काय कळणार. पट्टीवर असेल ते नाव.

तात्या जेवताना म्हणायचे, डोळे बांधा, मी चवीवरून झाड सांगतो. आणि माझ्याकडे बघून, “याला वडापाव सोडून दुसरी चव कळत नाही.” ते मला लागलं. म्हटलं बघू, पट्टी फिरवली तर तुम्हाला तरी कळतं का. दोन दिवस गंमत बघून परत नीट करणार होतो, शप्पथ.

पण दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण होता आणि मी मॅचला गेलो होतो. संध्याकाळी आलो तर तिन्ही पिशव्या गायब. ‘पुणे’ मनमाडच्या भालेराव काकांनी नेलं, ते तात्यांचे शाळेतले दोस्त. ‘दिनकर’ हरसूलला बदली झालेल्या एका मास्तरांनी नेलं. आणि ‘दादांचं’ आत्याने चांदवडला नेलं.

आत्याचं सगळ्यात वाईट झालं. कारण आदल्याच दिवशी तिने वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडीवर सही केली होती. तात्यांनी विचारलं, तुला काय देऊ? ती म्हणाली होती, “जमीन तुझी. मला दादांच्या झाडाची एक फांदी दे, बास.” सगळं सोडून तिने मागितलं ते एवढंच. आणि पिशवीत नेमकं काय गेलं ते मलाही माहीत नव्हतं.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. अंजीर पिकलं की दुसऱ्या दिवशी नासतं, त्यामुळे चांदवडचं फळ आमच्याकडे कधी आलं नाही. तात्या भाजीचं पाणी सोडून कुठे जात नाहीत. आत्याच राखीला, दिवाळीला यायची. सहा वर्षं निघून गेली.

मग २००५ च्या थंडीत आमच्या दादांच्या झाडाला खोडकिडा लागला. तात्यांनी भोकात तार घातली, औषध घातलं, चिखलाने लिंपलं. झाड वाळलंच. तात्या दोन दिवस त्या बाजूला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “आत्याकडे आहे ना दादांचं. जा, फांद्या घेऊन ये. बोटाएवढी जाड, वीतभर लांब. खालचा काप तिरपा मार, म्हणजे कुठलं टोक मातीत जायचं ते तुझ्यासारख्यालाही कळेल.”

मी विचारलं, “दादांचं खरं कसं ओळखायचं?”

“आधी गोड. मग बिया दाताखाली वाजतात. आणि गिळल्यावर घशाशी जरासं आंबट, चिंचेच्या कोवळ्या पानासारखं. पण तुला कशाला ओळखायचंय? आत्या देईल ते आण.”

फेब्रुवारीच्या शेवटाला, पहिली फळं पिकायला लागल्यावर, तात्यांची एम-एटी काढली आणि शंभराचं पेट्रोल टाकलं. पंचवटी, आडगाव, ओझर, सरळ आग्रा रोड. कोणी जाणार असाल तर सकाळी सातच्या आत निघा, नंतर द्राक्षांच्या आणि कांद्याच्या गाड्यांमागे धूर खात जावं लागतं. पिंपळगावला मिसळ खाल्ली, रस्सा एक नंबर. पण अर्धीच खाऊन उठलो, म्हटलं आज जीभ जाळून चालणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी जिभेची काळजी घेत होतो. चांदवडचा डोंगर दिसेपर्यंत रेणुकामातेला एकच सांगत होतो, आत्याचंच खरं निघू दे.

आत्याचं घर गावाबाहेर, कांद्याच्या चाळीला लागून. झाड मोरीच्या पाण्यावर वाढलेलं, माझ्या दुप्पट उंच. पट्टी गंजलेली, पण ‘दादा’ वाचता येत होतं. आत्याने तिला हळदीकुंकू लावलेलं. 

“बस रे पप्या. आधी फळ खा, मंग फांद्या तोड. दोनच पिकल्यात, एक तुझं.”

खाल्लं. मऊ, आत गुलाबी, साखरेच्या पाण्यासारखं गोड. बिया वाजल्या नाहीत. घशाशी थांबलो, थुंकी गिळली, परत थांबलो. आंबट काही येईना. हे पुणे होतं.

“कसं हाय?”

“भारी आहे,” म्हटलं. फळ चांगलंच होतं, त्या बिचाऱ्याची काय चूक.

आत्या खाटेवर टेकली. “खरं सांगू का, पहिल्या वर्षी मला वाटलं चव बदलली. दादांच्या झाडाला आंबटपणा व्हता. मंग म्हणलं, झाड कशाला बदलंल? माझीच जीभ बदलली. सासरचं पाणी पिऊन पिऊन ती तरी कितीक दिवस तशीच ऱ्हाईल.” ती हसली. “आता सवय झाली. लोकं म्हणत्यात भावानं सगळी जमीन घेतली. मी म्हणते, माझा बाप माझ्या दारात उभा हाय, तुमच्या हाय का?”

मी खाली बघून फांद्या कापत राहिलो. तिच्या जिभेने बरोबर ओळखलं होतं, आणि माझ्या पाच मिनिटांपायी ती सहा वर्षं स्वतःच्या जिभेला खोटं पाडत होती. सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, ओल्या गोणपाटात फांद्या गुंडाळल्या, गाठ मारली आणि म्हणाली, “नीट ने. दादांना घेऊन चाललास घरी.” तोंड मिटलं.

पुणे आत्याकडे, म्हणजे दादांचं एकतर मनमाडला नाहीतर हरसूलला. चांदवडहून मनमाड पाऊण तास, माझ्या गाडीने एक तास. मनमाडला जाणार असाल तर पाण्याची बाटली सोबत ठेवा, तिथे नळाला बरेच दिवसांनी पाणी येतं आणि कोणाकडे मागायला लाज वाटते. भालेराव काका मालगाडीवर गार्ड होते, आता रिटायर. त्यांनी अंजीर अंघोळीच्या दगडाखाली लावलंय. म्हणजे झाडाला पाणी मिळावं म्हणून माणसाने रोज अंघोळ करायची.

“थंडीत एखाद दिवशी कंटाळा येतो,” काका म्हणाले, “पण काकू म्हणते, स्वतःसाठी नका करू, झाडासाठी करा.”

त्यांचं फळ मोठं, साल जाड. तोंडात टाकलं तर गुळाची ढेप. इतकं गोड की दुसरं खावंसं वाटेना. पाणी कमी म्हणून साखर दाटलेली. हे दिनकर, शंभर टक्के. काकांनी पट्टी दाखवली, “अस्सल पुणे. चाखल्यावर कळतं ना?” मी म्हटलं, कळतं. घरी यायला अंधार पडला, आत्याचं गाठोडं गाडीच्या पिशवीतच लपवून ठेवलं. तात्यांना सांगितलं फांद्या उद्या आणतो, आत्याने परत बोलावलंय. आणखी एक थाप.

राहिलं हरसूल. दुसऱ्या दिवशी गिरणारे, मग वाघेरा घाट. रस्ता सुंदर आहे पण खड्डे मोजायला जाऊ नका. बाजाराचा दिवस होता, नागली, सुकट, टोपल्या, सगळा रस्ताभर पसारा. चहा-भजी खाऊन मास्तरांचं घर विचारलं तर कळलं, मास्तरांची बदली होऊन तीन वर्षं झाली.  शेळ्यांच्या गावात तीन वर्षं बेवारस झाड कोण ठेवणार?

भाड्याची खोली सापडली. मागे गेलो. झाड होतं. भोवती काट्यांचं कुंपण घातलेलं, वर कपडे वाळत होते. घरमालकाची सून बाहेर आली. मी म्हटलं, “ताई, हे अंजीर कोणाचं?”

“दिनकरचं,” ती म्हणाली.

“कोण दिनकर?”

“मला काय ठाव? त्यावर नाव लिवलंय ना.” तिने बुंधा दाखवला. तार सालीत घुसली होती, पट्टीचा अर्धा भाग झाडाने गिळला होता. “आमचं मालक तोडाया निघालं व्हतं. मी बोलले, नाव घालून ठेवलंय म्हंजी कोणतरी मागाया येल. दुसऱ्याचं झाड कशाला तोडायचं. तुम्हीच दिनकर का?”

मला हसू येईना. म्हटलं, “त्यांच्याकडून आलोय.”

“मंग घ्या की, तुमचंच हाय. पोरं त्याला गोड उंबर म्हणत्यात. पन जरा आंबूस लागतं.”

तिने पानाआडचं एक फळ काढून दिलं. लहान, जांभळट, दिसायला काहीच नाही. आधी गोड. मग दाताखाली कुरकुर, लहानपणी कानात ऐकू यायची तशी. गिळलं. आणि मग घशाशी, हळूच, चिंचेचं कोवळं पान. मी तिथेच दगडावर बसलो. ताई म्हणाली, पाणी देऊ का? म्हटलं नको, पाण्याने जाईल ते.

फांद्या घेतल्या. तिला एक फांदी कुंपणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावून दिली, बाजारातून पोरांना खारे शेंगदाणे आणले आणि निघालो. घाटात गाडी थांबवून आत्याचं लुगड्याचं गाठोडं सोडलं, तिच्या फांद्या काढल्या, हरसूलच्या घातल्या, तशीच गाठ मारली. आयुष्यातली दुसरी अदलाबदल. पहिलीपेक्षा जड गेली.

तात्यांनी गाठ ओळखली. एका फांदीचं टोक मोडलं, चीक नाकाशी नेला. मग म्हणाले, “चांदवडच्या मातीत राहून पण वास बदलला नाही बघ. माझ्या बहिणीने सांभाळलं.”

त्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. दादांचं परसात परत उभं आहे. आणि तिन्ही जाती माझ्या गच्चीवर ड्रममध्ये आहेत, चांदवडच्या फांद्या फेकवल्या नाहीत म्हणून पुणे, हरसूलच्या उरलेल्यांतून दादांचं आणि परसातल्या झाडावरून दिनकर. या महिन्यात पहिल्यांदा तिन्हींची फळं एका ताटलीत घेऊन बसलो. कोणाला लावायची असतील तर माझं मत सांगतो. लहान पोरं, म्हातारी माणसं असतील तर पुणे लावा, मऊ आणि सरळ. पाणी कमी असेल, एका फळात पोट भरायला हवं असेल तर दिनकर. दादांचं दिसायला सगळ्यात गरीब आहे आणि ते पटकन कळत नाही. खाऊन गप बसावं लागतं. मी डोळे बांधून तिन्ही ओळखतो आता. पण तात्यांना हे दाखवता येत नाही, कारण ते विचारतील, कधी शिकलास?

एक काम राहिलं होतं. हरसूलचं एक रोप मी तेव्हाच आत्याला नेऊन दिलं होतं, ‘दिनकर’ म्हणून. म्हटलं, नावाने नाही तर चवीने तरी तिचं तिला मिळेल. गेल्या आठवड्यात त्याला पहिलं फळ आलं. मी मुद्दाम चांदवडला गेलो. तिने खाल्लं. कुरकुर मला बाहेरून ऐकू आली. मग ती थांबली, घशाशी हात नेला.

“आंबूस हाय,” ती म्हणाली. “बरं हाय. पण दादांचं ते दादांचंच.” आणि उठून मोरीजवळच्या झाडाचं मऊ गुलाबी फळ तोडून माझ्या हातावर ठेवलं.

ते खाताना मला कळलं की आता खरं सांगून मी तिचं काही परत देणार नाही. दारात उभा असलेला बाप तेवढा उपटून नेईन.

पण तात्या या उन्हाळ्यात तिच्याकडे जायचं म्हणतायत, पहिल्यांदाच, भाजीचं पाणी माझ्यावर सोडून. तिथलं फळ तोंडात टाकलं की त्यांना एका घासात कळेल. म्हणून मी रोज सांगतोय, मोटर बिघडल्यासारखी वाटते, मला एकट्याला जमणार नाही. तुमच्यापैकी कोणी मखमलाबादचं असेल, तात्यांना ओळखत असेल, तर हात जोडतो, पाया पडतो, यातलं एक अक्षर त्यांना बोलू नका. चांदवडकडे गेलात आणि कांद्याच्या चाळीजवळ कुंकू लावलेलं अंजीर दिसलं, आत्याने फळ दिलं, तर खा. कोणाचं आहे म्हणून विचारलंत तर ती सांगेल. तुम्ही फक्त हो म्हणा.