गुलाबी डब्यातली कात्री

त्या शनिवारी दुकानात एक मुलगी आली. आठ-नऊ वर्षांची, वडिलांचं बोट धरून. तिनं निळा डबा उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी लोखंडी खुळखुळलं तशी ती हसली. वडील म्हणाले, "अदु बेड पुट्टी, हुडुगरदु." ते नको, मुलांचं आहे ते. तिनं डबा होता तिथं ठेवला. रडली नाही, हट्ट केला नाही, का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मला राग आला तो त्याचाच. आठ वर्षांत तिचं सगळं शिकून झालं होतं.

मी काउंटरमागून म्हणाले, "सर, दोन्ही डबे कुणीही घेऊ शकतं."

त्यांनी माझ्याकडे नाही, आत्याकडे पाहिलं. आत्यानं हसून गुलाबी डबा पुढे केला. ती दोघं बाहेर पडल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "गिऱ्हाईक आहे ते, सभा नाही."

दुकान आत्याचं. के. आर. पुरममध्ये, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. रंगीत कागद, लेस, डिंक, फोटो चिकटवायच्या वह्या, त्या वह्या सजवायचं सगळं सामान. तिच्या सासरची माणसं तीन पिढ्या बेंगळुरूत आहेत. गल्लीतले सगळे तिला अक्का म्हणतात आणि तिच्या मराठीतही दर दोन वाक्यांनी 'बरं'ऐवजी एक कानडी 'सरी' येतं. मी निपाणीहून नोकरीसाठी आले, व्हाइटफील्डला ऑफिस, राहते आत्याकडे. शनिवार-रविवार दुकानात बसते. उरलेल्या वेळात आमच्या चळवळीच्या गटासाठी पत्रकं लिहिते. कॉलेजपासून लिहिते आहे. वरती ठळक मथळा, मधे तीन मागण्या, खाली जाहीर निषेध. मला दुसरं काही लिहिता येतं असं मी कधी म्हटलेलं नाही.

तर त्या दुकानातल्या मांडणीबद्दल. तुम्ही अशा दुकानात गेला असाल तर एकदा नावं वाचा, फक्त नावं. एकाच कारखान्यातून आलेली एकाच रुंदीची चिकटपट्टी. मी पट्टी लावून मोजली. एकीवर फुलं, नाव 'ब्यूटी टेप'. दुसरीवर रेघा, नाव 'पॉवर टेप'. कागदाला नक्षीदार भोक पाडायचं यंत्र, तेच यंत्र, तीच स्प्रिंग. गुलाबी झाकण लावलं की 'डेंटी', काळं लावलं की 'प्रो'. स्टिकरांच्या पाकिटात 'मम्माज हेल्पर' म्हणून झाडू, कढई आणि इस्त्री. शेजारच्या पाकिटात 'बॉस' म्हणून रॉकेट आणि दुर्बीण. कुणीतरी कुठल्यातरी ऑफिसात खुर्चीवर बसून ही नावं ठरवतं, त्याचा पगार घेतं, आणि मग ती नावं आत्याच्या मांडणीवरून आठ वर्षांच्या मुलीला सांगतात, हात मागे घे.

डबे होते 'लिटल होममेकर' आणि 'लिटल इंजिनिअर'. गुलाबी आणि निळा. जवळच्या एका शाळेनं चौथी ते सहावीच्या मुलांना आठवणींची वही करायला सांगितली होती. प्रत्येकाला एक डबा, मुलींना गुलाबी, मुलांना निळा. परिपत्रकात छापलं होतं तसं. एकशेसाठ डबे सोमवारी दुपारी बाराला पोचते करायचे होते.

ही शाळा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आत्याचं किरकोळ गिऱ्हाईक घरबसल्या फोनवरून सामान मागवायला लागलं त्याला चार वर्षं झाली. आधी दोन शाळा होत्या तिच्याकडे, त्या गेल्या. ही एकच उरली होती. ही गेली की दुकान बंद. आत्यानं हे मला एकदा कणीक मळता मळता सांगितलं होतं, अगदी साध्या आवाजात. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी आत्या सासरच्या एका साखरपुड्याला बेळ्ळंदूरला गेली. जाताना किल्ली दिली. "डबे मागच्या खोलीत आहेत, हात लावू नको. मी भरून, खुणा करून ठेवलेत."

मी दहा वाजता मैदा शिजवायला घेतला.

खळ कशी करायची हे आमच्या गटात प्रत्येकाला येतं. पातळ, गुठळी न होता, ब्रशला धरेल अशी. भिंतीवर लावलेलं पत्रक सकाळी कुणी फाडायला गेलं तर तुकड्या-तुकड्यानं निघावं, पण अख्खं निघू नये, हे तिचं काम. ऑफिसातून आदल्या शुक्रवारी मी पत्रकं छापून आणली होती. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. 'पालकहो, तुमच्या मुलीच्या हातातून कात्री काढून घेतली जात आहे!' खाली तीन मागण्या. डब्याचं नाव झाकणावरही होतं आणि तळालाही, म्हणून मी पत्रक पट्ट्यासारखं डब्याभोवती गुंडाळलं, वरून खाली, खालून वर. एकशेसाठ. अडीचपर्यंत पाठ मोडली. पण रांगेत मांडलेल्या त्या डब्यांकडे बघताना मला जे वाटत होतं ते मी आजही नाकारणार नाही. एकही गुलाबी दिसत नव्हता, एकही निळा दिसत नव्हता.

आत्या चारला आली. रेशमी साडीतच मागच्या खोलीत गेली. आवाज आला नाही म्हणून मी मागोमाग गेले. ती एक डबा हातात धरून फिरवून बघत होती. झाकण, तळ, परत झाकण.

"आत काय आहे, ते कुठं लिहिलंय?"

मला प्रश्नच कळला नाही.

"चौथीचा कुठला? सहावीचा कुठला? सहावीच्यात फोटो अडकवायचे कोपरे घातलेत मी, चौथीच्यात मोठ्या टोकाची डिंकाची काडी. वर आकडा टाकला होता. खाली यादी चिकटवली होती." तिनं पत्रकाचा कोपरा नखानं उचलायला बघितलं. ओला पुठ्ठा पत्रकाबरोबरच सोलून आला. "हे काय, खळ? कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलास?"

"नाही."

"म्हणजे झुरळांचं जेवण. शाळेच्या कपाटात." तिनं डबा खाली ठेवला. "मागण्या तीन लिहिल्यास. आत काय आहे ते एक ओळ लिवायला होत नव्हतं तुला?"

मी बोलायला लागले. गेल्या आठवड्यातली ती मुलगी, झाडू, कढई, परिपत्रक. माझी वाक्यं पत्रकातल्यासारखी येत होती, मला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं. आत्यानं मध्येच फोन काढला आणि शाळेच्या चित्रकलेच्या मॅडमना लावला. मला वाटलं ती काहीतरी सारवासारव करेल. ती कन्नडमध्ये म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे घोळ झालाय. उद्या कळण्यापेक्षा आज बघून जा."

मॅडम यायला तास तरी लागणार होता. आत्यानं साडीचा पदर खोचला, फरशीवर सतरंजी टाकली आणि डबे फोडायला बसली. मीही बसले. ती एकेका डब्यातलं सामान ओतायची, बघून म्हणायची, "पाच," "चार," "सहा," आणि मी ढीग करायचे. फाटणाऱ्या पुठ्ठ्याचा आवाज फक्त.

वीसेक डबे झाल्यावर तिचा हात थांबला. तिच्यासमोर गुलाबी डब्यातलं सामान होतं. लेस, मुकुटांचे स्टिकर, आणि कात्री. प्लास्टिकची, पातंसुद्धा प्लास्टिकचं. तिनं सतरंजीवरचा एक कागद उचलून कापायला बघितला. कागद पात्यांच्या मधे दुमडला. परत बघितलं. परत दुमडला. मग तिनं निळ्या डब्यातली कात्री घेतली. लोखंडी, बोथट टोकाची. कागद सरळ कापला गेला.

"कात्री डब्यात आधीच असते. हे मी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. मला नाही, कागदाला.

"पत्रकात तेच तर—"

"तू पण बघितलं नव्हतंस. तू डबा उघडलाच नाहीस. तुझी कात्री ती भाषणातली."

हे खरं होतं. मी कात्री हा शब्द वजनदार वाटला म्हणून घातला होता. आत खरंच खोटी कात्री असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पुढे ती ढीग करता करताच बोलली. निपाणीला आजोबांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, हे मला माहीत होतं. माझे बाबा तिथं कागद कापायच्या मोठ्या यंत्रावर तयार झाले, हेही. आत्या त्याच दुकानात शाळा सुटल्यावर फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे, शिवायची. सुई-दोरा. यंत्राच्या खोलीत तिला जायची बंदी होती. "हात तुटेल म्हणायचे. तुझ्या बापाचं बोट गेलं की तिथं, करंगळीचं टोक. तरी बंदी मलाच." तिनं पुढचा डबा ओढला. "लग्न होऊन इकडं आल्यावर पहिल्यांदा कटर हातात आला. तेही सासरे आजारी पडले म्हणून. सहा."

मी सहाच्या ढिगात ठेवलं.

मॅडम आल्या त्या तापलेल्याच. स्कूटी बाहेर लावून, हेल्मेट हातात तसंच. त्यांनी एक न फोडलेला डबा उचलून पत्रक पूर्ण वाचलं.

"हे माझ्या शाळेच्या गेटमधून आत जाणार होतं? पालक मला काय म्हणतील, अक्का? प्रिन्सिपल काय म्हणतील? कुणी केलं हे?"

"माझ्या भाचीनं," आत्या म्हणाली. "चुकलं तिचं."

मी तोंड उघडलं. "मॅडम, तुमच्या परिपत्रकातच—"

"तू गप्प."

आत्या मला असं कधी बोलली नव्हती. मॅडमनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं. त्यांचा आवाज उतरला आणि ते जास्त वाईट होतं. "अक्का, दुसरा सप्लायर दोन महिने माझ्या मागे आहे. मी तुमचं नाव सोडलं नाही. आता मी काय सांगू?"

आत्यानं सतरंजीवरची गुलाबी कात्री उचलली, एक कागद उचलला आणि दोन्ही मॅडमसमोर धरलं. "स्वल्प कापून बघा."

"आता हे काय?"

"बघा तर."

मॅडमनी बघितलं. कागद दुमडला. त्यांनी कात्री उलटी धरून बघितलं. माणूस असंच करतो, आपला हात चुकला असं समजतो.

"सेफ्टीसाठी असेल," त्या म्हणाल्या.

"मुलांच्यात लोखंडी आहे." आत्यानं निळ्या डब्यातली दाखवली. "मुलांची बोटं काय लोखंडाची असतात, मॅडम?"

मॅडमनी निळी कात्री घेऊन कागदाची एक लांब पट्टी कापली, मग अजून एक. चित्रकला शिकवणारी बाई. कात्री धरली की हात आपोआप चालतो. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींच्या वह्या फाटक्या-फाटक्या आल्या होत्या. मी त्यांना ओरडले होते. नीट कापा म्हणून."

मला त्या क्षणी फार काही म्हणायचं होतं. मी फाटके पुठ्ठे गोळा करायला लागले.

"परिपत्रक गेलंय," शेवटी मॅडम म्हणाल्या. "त्यातली नावं मी परत घेऊ शकत नाही. ही पत्रकं मला एकही नकोत. उद्या बाराला साधे डबे आणा. वर इयत्ता, खाली यादी, कात्री सगळ्यांना लोखंडी. प्रिन्सिपलना मी सांगेन डबे भिजले. पुढच्या वर्षीचं," त्यांनी हेल्मेट उचललं, "पुढच्या वर्षी बघू."

"बघू म्हणजे?" मी विचारलंच.

"म्हणजे बघू," मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

माळ्यावर आत्याकडे घडीचे खाकी डबे होते. दुकानातल्या सगळ्या लोखंडी कात्र्या तिनं खाली काढल्या. मी ऑफिसात सोमवारची रजा टाकली. सकाळी सहापासून आत्या डबे भरत होती आणि मी शिळी, वाळलेली खळ फरशीवरून खरवडत होते, कारण तिनं मला तेवढंच काम दिलं होतं. मग मी म्हटलं, "आत्या, याद्या मी लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे."

"नको."

"साधीच यादी गं. कात्री, पट्टी, डिंक."

"तुझ्या यादीत उद्गारचिन्ह येईल."

बाराला डबे पोचले. मॅडमनी सही केली, आभार मानले नाहीत. पुढच्या वर्षीचं काय ते आम्हाला अजून माहीत नाही. माझ्या एका सकाळच्या कामामुळे ते दुकान राहील की जाईल, हे लिहिताना मला ठाऊक नाही. ते लपवून हे लिहिणं म्हणजे लबाडी झाली असती. नावांबद्दलचा माझा राग एका शब्दानं कमी झालेला नाही. ती नावं ठेवणारी माणसं अजून त्याच खुर्चीत आहेत.

मंगळवारी मी ऑफिसातून आल्यावर दुकानात आत्यानं डबे पुरवणाऱ्या माणसाला फोन केला. मी फडताळ पुसत होते. ती त्याला अण्णा अण्णा करत गोडीत बोलत होती आणि मग एकदम नाही. कात्री सगळ्यांत एकच पाहिजे, नाहीतर डबे नकोत. तो म्हणत असावा की नावं आणि रंग वरून ठरून येतात, त्याच्या हातात नाही. ती म्हणाली, "मग सुटं सामान पाठवा. डबा मी करते. नाव मी घालते." थोडं ऐकून घेतलं. "काय नाव म्हणजे? आत जे असेल ते."

फोन ठेवून तिनं खाकी पुठ्ठ्याचा ताव माझ्यासमोर टाकला आणि काउंटरच्या खणातून तिचा स्वतःचा कटर काढून दिला. मूठ झिजलेली, पातं नवं.

"ह्या मापाचे तुकडे कर. साठ."

"आणि वर काय लिहायचं?"

"लिहिणार मी," आत्या म्हणाली. "तू काप. आणि बोट सांभाळ."