आरूचा गैरहजर कामगार

सकाळी पावणेआठला हे सगळं सुरू झालं. माझी लेक आरू तेव्हा तान्ही होती. तेव्हापासून आमच्या घरात इतके किस्से साठलेत की पाहुणा आला की चहाच्या आधी किस्साच पुढे येतो.

तर पावणेआठला सासूबाईंनी तेल लावून नातीला कोवळ्या उन्हात धरलं. आमच्या जवळा बाजार गावात सगळीच लेकरं अशी शेकून निघतात. आरू मात्र संध्याकाळी लालभडक, दुसऱ्या दिवशी अंगभर फोड. सासूबाईंनी नजर काढली, मिरच्या जाळल्या. सगळं घर खोकलं, फोड तसेच.

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी माझ्या सातवी शिकलेल्या डोक्यानं घरी सांगितलं. "अंगातल्या पेशींत डीएनए नावाचा पिळाचा धागा असतो. उन्हानं त्यातले शेजारशेजारचे मणी एकमेकांना चिकटतात, पीळ वाकडा होतो. एन्झाइम नावाचे कामगार तेवढा तुकडा कापून नवा भरतात. आपल्या सगळ्यांच्या अंगात हे रोज चालतं. आरूचा एक कामगार जन्मापासून गैरहजर हाय. धागा वाकडाच राहिला तर पुढं कॅन्सर."

सासरे म्हणाले, "आपला लाइनमन बी असाच. पण त्याची तक्रार तरी करता येते."

त्या दिवसापासून सासूबाई उन्हाच्या मागे हात धुऊन लागल्या. हळद वाळवायची ताडपत्री आणून खिडक्यांना ठोकली. शेजारच्या कांताबाईंनी दारातूनच हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं व्हय घरात?"

"ऊन," सासूबाई म्हणाल्या. "रडायचं असलं तर आत या."

मी रोज अंघोळीला आरूचा एकेक तीळ बघते. एकदा गालावर नवा काळा ठिपका दिसला. नवऱ्याला शेतातून बोलावलं, गाडी काढायला लावली.

आरू म्हणाली, "आई, गूळ हाय त्यो. चाट."

एकदा वसमतला निघालो. आरूला लांब बाह्या, हातमोजे, तोंडापुढं काच लावलेली टोपी. कंडक्टर म्हणाला, "काहून ताई, पोरीला चंद्रावर धाडून राहिल्या का?"

"माझा एक कामगार कमी हाय," आरूनं सांगितलं.

"माझ्या बी घरी तीच तकलीफ. बायको माहेरी गेली," म्हणत त्यानं आम्हाला सावलीची सीट दिली.

यंदा आरू पहिलीत गेली. शाळेच्या शर्यती भर उन्हात. सर म्हणाले, "तिनं वर्गातून टाळ्या वाजवाव्या." आरूनं जेवण सोडलं. सासूबाई शाळेत जाऊन आल्या. काय बोलल्या देव जाणे. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "शर्यत आता दिवस मावळल्यावर हाय."

मैदानावर आरू पहिल्यांदाच बिनटोपीची, उघड्या हातांची. शिट्टी झाली. ती शेवटून पहिली आली, पण दोरीपाशी थांबलीच नाही. बाकीची पोरं बिस्किटं खाऊन राहिली आणि ही मैदानाला चकरा मारून राहिली. सासूबाई पदर खोचून मागे. "अगं, संपली शर्यत, थांब की!"

सरांनी परत शिट्टी वाजवली. आरू त्यांच्यासमोरून तशीच पळत गेली आणि जाता जाता म्हणाली, "सर, सगळ्यांना सांगा, उद्या बी याच टायमाला या."