पायाळूचा हात

कडाक! कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा तो करकरीत आवाज, आणि पाठोपाठ माझं तृप्त हास्य! धाकट्या जावेची, मंदाची, मान मी या दोन हातांनी पिळली होती, कबूल करते. मी पायाळू, पायांकडून जन्मलेली. कुणाच्या पाठीत लचक भरली की माझा पाय लावून घ्यायला आमच्या अकोटच्या घरी माणसं यायची. तेवढ्या कीर्तीवर भागावं ना! पण मला, अठ्ठावन्न वर्षांच्या या अवखळ पोरीला, हस्तकौशल्यही दाखवायचं होतं.

मंदाची मान दोन दिवस डावीकडे ठणकत होती. मी ती लचकच मानली. मान मोडून आम्ही दोघी चहा घेतो तोच तिच्या उजव्या हातातून कप सुटला. डावी पापणी अर्धी मिटलेली, शब्द तोंडातच विरघळणारे! "थांब, अजून एकदा फिरवतो," म्हणत मी सरसावले, तशी तिची लेक वैशू किंचाळली, "मोठी आई, मानेले हात लावू नोका!"

तासाभरात अकोल्याचा दवाखाना. "मानेला झटका, मार, काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सांगावं, तर घरादारात नाचक्की; न सांगावं, तर? मंदाची भांबावलेली नजर माझ्यावर खिळलेली. तिला बोलता येत नव्हतं, आणि मला येत असून...! "म्या मोडली मान!" मी एकदाची ओरडलेच.

मग काय ती लगबग! मेंदूबरोबर मानेच्या रक्तवाहिन्यांचाही फोटो निघाला. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं, त्या चिरेत रक्ताची गाठ धरलेली, आणि तिचाच कण वर जाऊन अडकलेला. पडद्यावर ज्योतीसारखी निमुळती होत विझणारी ती शुभ्र रेषा पाहून मी भयाने थरारले आणि, खोटं कशाला बोलू, कौतुकानेही! देहाच्या अंतर्यामी इतक्या नाजूक वाटा वाहतात, आणि मी त्यांना ओल्या लुगड्यासारखं पिळत होते? चीर बहुधा आधीच पडली असावी, ठणका तिचाच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी ती वाढवली नाही, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांच्या आधाराने, टाका न घालता, काही महिन्यांत ती चीर सांधली. शरीर केवढं क्षमाशील! पण माणूस? मंदाचं पहिलं अखंड वाक्य माझ्या वाट्याला काय आणील, या धास्तीतच मी तिच्याकडून रोज शब्द घोकून घेत होते. अखेर एका सकाळी ती सलग बोलली:

"जाऊबाई, तुमी माही मान मोडली, हे म्या कदीच इसरनार नाई, पन डॉक्टरपुढं तुमी गप बसल्या असत्या, तं हे बोलाले मी राहिलीच नसती. आता चाय मांडा, अन् हात लांब ठेवा!"